नानांचं अर्धं जेवण

नाना हिवराळे जेवल्याशिवाय सही करत नसत.

आमच्या पाटबंधारे ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात कळायचं, हजेरीपट कुठं ठेवतात ते कळायच्याही आधी. कारण तिथं प्रत्येकाला कधी ना कधी कर्ज लागायचं, आणि कर्जाला जामीन लागायचा. आमच्या पतसंस्थेचा नियम होता की जामीनदार दोन हवेत, आणि दोघंही कायम नोकरीतले. पहिला कसाही मिळतो. आपण ज्याला जामीन राहिलोय तो शेजारच्या टेबलावरचा माणूस लाजेकाजेनं सही करतोच. खरी पंचाईत दुसऱ्याची. त्या दुसऱ्या सहीसाठी लोक नानांच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे आणि यंदा जायकवाडी भरतंय का नाही यावर बोलायला लागायचे. नाना वर न बघता विचारायचे, "किती वर्षांचं काढतूस?"

एका माणसाला एका वेळी दोघांनाच जामीन राहता यायचं. त्यामुळं नानांच्या सहीला नंबर लागलेले असायचे. कुणाचं कर्ज फिटत आलं की मधल्या सुट्टीत कुजबुज व्हायची, "दिवाळीपर्यंत नानांची सही मोकळी होतीय का रे?" एखादा बैल किंवा मंगल कार्यालय मोकळं व्हावं तशी ती सही मोकळी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपली जायची.

नाना आरेखक होते. कालव्यांचे नकाशे हातानं काढायचे दिवस संपले, संगणक आले, पण नानांचं ते मोठं उतरतं टेबल कुणी हलवलं नाही. त्यावर आता फक्त वर्तमानपत्र असायचं आणि सोललेली काकडी, तीही घरंगळू नये म्हणून पट्टीला टेकवलेली. कामच उरलं नव्हतं, त्यामुळं त्यांचं सगळं कसब सहीत उतरलं होतं. रंगनाथ किसन हिवराळे, असं पूर्ण नाव, नकाशावर गावांची नावं लिहितात त्या अक्षरात. कर्जाच्या अर्जावर साहेबांची सही म्हणजे गांडूळ वळवळल्यासारखी, आणि त्याखाली नानांचं नाव असं की अर्ज त्यांचाच वाटावा.

त्या सहीची किंमत एकच. "एक टाइम घरी जेवायला बोलव. हॉटेल नाय, डबा नाय. घरी. घरच्या ताटात."

कारण विचारलं तर सांगायचे, "आमटी सांगती रे. ज्याच्या घरची आमटी पातळ, तो मानूस जपून राहनारा. त्याचा हप्ता चुकत नाय. आन् जिच्यावर बोटभर तर्री, तिथं जरा ध्यान ठिवावं लागतं."

आम्ही हसायचो. नाना खादाड आहेत, असं ठरवून टाकणं सगळ्यांच्या सोयीचं होतं.

नाना बौद्ध होते. ऑफिसात निम्म्याहून जास्त माझ्यासारखे, कन्नडकडच्या, पैठणकडच्या शेतीवाडीवाल्या घरांतले. ऑफिसात चहा एकाच किटलीतला, डबे एकत्र उघडायचे, जात कुणी काढायचं नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता. आणि घरी कुणी नानांना बोलवायचं नाही. नोकरीची कितीतरी वर्षं त्यांना एकाही सहकाऱ्यानं जेवायला बोलावलं नव्हतं. मग कधीतरी नानांच्या लक्षात आलं, की आपली सही लोकांना लागते.

हे मला सलीमनं सांगितलं. सलीम आमचा शिपाई. त्यानं रिक्षासाठी कर्ज काढलं तेव्हा नाना त्याच्या घरी गेले. सलीम सांगायचा, "मैं बोला, नाना, हमारे यां शर्त नक्को लगाओ, हमारे यां तो वैसेच खाए बगैर जाने नईं देते. तो नाना क्या बोले मालूम? बोले, 'सलीम, तेरे यां बिना दस्तखत के आता मैं. दस्तखत तो बाकी के घरों के वास्ते है.'"

एक उपअभियंता होते. नाव सांगत नाही, हयात आहेत. मुलीचं लग्न काढलं होतं आणि पैसे कमी पडत होते. त्यांनी आधी घरून चार पुडांचा डबा आणून नानांच्या टेबलावर ठेवला, म्हणाले, "घ्या नाना, घरचंच आहे." नानांनी झाकण उघडून वास घेतला, म्हणाले, "झकास. पन साहेब, डब्याला दार नसतंय ना." शेवटी साहेबांनी बोलावलं. सलीमला आणि मलाही बोलावलं, नाना एकटे नकोत म्हणून. आम्हा तिघांना कागदाच्या प्लेटा आल्या. साहेब म्हणाले, "काय करता, नळ येऊन आज आठवा-नववा दिवस असेल, भांडी घासायला पाणी नाही." आमच्या शहरात ही सबब कुणालाही पटते. त्यांच्या स्वतःच्या पुढ्यात मात्र स्टीलचं ताट होतं.

नाना पोटभर जेवले. आमटीची चौकशी केली, मेथीची केली. मग आपली कागदी प्लेट घेऊन उठले, मोरीतल्या ड्रममधून तांब्याभर पाणी घेतलं आणि ती प्लेट धुतली. सावकाश, दोन्ही बाजूंनी, फाटू न देता. आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, साहेबांच्या ताटांच्या रांगेत, निथळत उभी केली. बाईसाहेब बघत राहिल्या. नाना हात पुसत बाहेर आले. "कागद कुठाय साहेब?" म्हणाले, आणि सही केली. सुंदर सही केली.

परतताना मी म्हणालो, "नाना, अशा माणसाला कशाला सही दिलीत?"

"त्याच्या पोरीनं काय केलंय?" नाना म्हणाले. "आन् आमटी पातळच होती की."

तेव्हा मी मनातून साहेबांना खूप हसलो. आमच्यात असलं काही नाही, असं म्हणत हसलो. मग मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, फीचा आकडा आला, आणि मी नानांच्या टेबलापाशी जाऊन जायकवाडीवर बोलायला लागलो.

आमचा उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. मी, सुनंदा, मुलगा आणि आई. आई गावाकडून आलेली, माळ जपणारी. वाईट बाई नव्हती. गल्लीत कुणाचं मूल आजारी पडलं की आधी ती पोचायची. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिचं एक वेगळंच राज्य सुरू व्हायचं, आणि तिथं मी, वर्ग दोनचा कर्मचारी, तोंड उघडत नव्हतो. सुनंदा म्हणाली, "सरळ सांगा ना आईंना. मी सांगू?" मी म्हणालो, "तू काही बोलू नको. मी करतो बरोबर."

मी बरोबर केलं. श्रावण होता. गल्लीतल्या बायका वेरूळला निघाल्या होत्या, रविवारी मुक्काम आणि सोमवारी पहाटे घृष्णेश्वराचं दर्शन. मी आईच्या जागेचे पैसे भरले, तिच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू ठेवले, गाडीत बसवून हात हलवला. आई सगळ्या बायकांना सांगत होती, "माझं लेकरू कसंय बघा, मला न सांगता जागा धरली." आणि त्याच रविवारी दुपारी मी नानांना जेवायला बोलावलं.

नाना धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. सुनंदानं मनापासून केलं होतं सगळं. भरली वांगी, भाकरी, आणि माझ्या सांगण्यावरून मुद्दाम पातळ आमटी. कागदी प्लेट नाही, काही नाही. सुनंदानं मांडणीवरचं पहिलं ताट घेतलं, ते आईचं निघालं. काठावर तिचं नाव कोरलेलं, कुठल्याशा लग्नात आहेर आलेलं. नानांनी भाकरी मोडायच्या आधी ताट तिरकं करून ते नाव वाचलं.

"कौसल्याबाई. अक्षर लई वाकडं कोरलंय. 'स' बघा, पडाय लागलाय." मग इकडंतिकडं बघत, "कुठंयत कौसल्याबाई?"

"वेरूळला," मी म्हणालो. "दर्शनाला."

"आजच?"

"श्रावण आहे ना."

नानांनी भाकरी मोडली. जेवले. आमटीची वाटी तोंडाला लावून संपवली. मग हात धुऊन खिशातनं पेन काढलं, सही केली, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली आणि म्हणाले, "सही पूर्ण दिली हाय. जेवन अर्धं झालं. अर्धं तुझ्याकडं बाकी. आई असतील तव्हा ये म्हन, येतो."

"नक्की नाना," मी म्हणालो. माणूस नक्की म्हणतो तेव्हा बहुतेक काय म्हणतो ते वेगळं सांगायला नको.

आई सोमवारी संध्याकाळी आली. खालच्या बाईनं जिन्यातच सांगितलं असावं. तिनं सुनंदाला एवढंच विचारलं, "कुठल्या ताटात?" सुनंदानं सांगितलं. आई रागावली नाही, त्या ताटाला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताट गॅलरीत गवती चहाच्या कुंडीखाली होतं. तिनं सांडशीनं उचलून ठेवलं, असं सुनंदा म्हणाली. मी ते बघितलं. मला ऑफिसला उशीर होत होता.

तांदूळ धुतलेलं पाणी त्या कुंडीला घातलं जायचं, जादाचं ताटात उतरायचं, आणि गवती चहा असा माजला की शेजारणी मागायला यायच्या. आई रोज सकाळी त्याचाच चहा प्यायची. म्हणायची, "अंगाला बरा असतो."

पुढं माझी बदली जालन्याला झाली. माझा हप्ता आता जालन्याच्या पगारातून कापला जाऊ लागला, नियमितपणे, त्यामुळं मी निर्धास्त. पण पतसंस्थेत तेव्हाच नवीन संगणक बसले होते, आणि जालन्याहून आलेली माझी रक्कम माझ्या कर्जखात्यात न पडता भलत्याच कुठल्याशा खात्यात नुसती साचत होती. संगणकाच्या लेखी मी थकबाकीदार झालो. नोटिसा माझ्या जुन्या टेबलावर गेल्या, तिथं आता दुसराच बसत होता. आणि संस्थेनं नियमाप्रमाणं जामीनदाराचा पगार कापायला घेतला. पहिला जामीनदार तोवर निवृत्त झालेला, म्हणून नानांचा. वर्षभर जवळजवळ. त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष.

मला काहीच माहीत नव्हतं. एवढं खरं आहे आणि एवढंच माझ्या बाजूनं आहे.

नाना निवृत्त झाले, त्या कार्यक्रमाला मी जालन्याहून आलो, हार घातला. ते मला म्हणाले, "बरं चाललंय ना तुझं? काय अडचन?" मी म्हणालो, "मजेत, नाना." त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मला वाटलं, निवृत्तीच्या दिवशी माणूस हळवा होतो.

त्यानंतरच्या दिवाळीच्या तोंडावर मोबाईल वाजला. खात्यात रक्कम जमा. चांगली घसघशीत, पतसंस्थेकडून. मी संस्थेत फोन लावला. पठाडे म्हणून तिथला क्लार्क, गडी आनंदानं बोलला.

"साहेब, तुमच्या कर्जाचे वर्षभराचे हप्ते दोनदा भरले गेलेत. ऑडिटात निघालं. जादाची परत केली."

"दोनदा? मी एकदाच भरत होतो."

"एकदा तुम्ही भरलं, एकदा नाना हिवराळेंच्या पगारातून. आता नियम असाय, कर्जखातं ज्याचं, परतावा त्याला. तुम्ही दोघं बघून घ्या आपसात."

आपसात. फोन ठेवला तेव्हा मी खरोखर ठरवलं होतं की उद्याच नानांकडं जायचं. सुनंदानं विचारलं, "कसले हो पैसे?" मी म्हणालो, "लाभांश." हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला मला अजून कळलेलं नाही. पण तो आला आणि राहिला. सुनंदाला कधीपासून डायनिंग टेबल हवं होतं, आईचे गुडघे जमिनीवर बसू देत नव्हते. लाभांश आल्यावर न घ्यायला कारणच उरलं नाही. टेबलावर जुनी ताटं शोभत नाहीत म्हणून पांढरा डिनर सेटही आला, निळ्या काठाचा.

पैशाची अडचण नव्हती, हे आता कबूल करायला हवं. महिन्या-दोन महिन्यांत मी ती रक्कम पुन्हा बाजूला काढून ठेवली होती. कधीही देऊ शकलो असतो. पण पैसे द्यायला गेलो की नाना विचारणार, "आई कशा हायत?" आणि मग म्हणणार, "अर्धं कधी?" मला रकमेची भीती वाटत नव्हती, जेवणाची वाटत होती. आई टेबलाच्या एका खुर्चीवर बसलीय आणि समोर नाना, हे चित्र डोळ्यांपुढं आलं की मी जाणं पुढं ढकलायचो. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. सरळच सांगायचं तर मी थांबलो होतो. कशासाठी थांबलो होतो, ते आई गेल्यावर कळलं. स्मशानातून परत येताना माझ्या मनात दुःखाच्या खाली एक हलका विचार आला, की आता नानांना बोलावता येईल. असा विचार येणाऱ्या माणसाला काय म्हणतात मला माहीत नाही. वर्ग दोनचा कर्मचारी म्हणतात बहुधा.

मी बोलवायच्या आधीच नाना आले. तेरावं झाल्यावर, भेटायला. वाळले होते. तिसरा मजला चढून आल्यावर त्यांनी दाराला टेकून दम घेतला. आईच्या फोटोसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले, आणि खालचं नाव वाचलं. मग डायनिंगच्या खुर्चीवर बसले, टेबलावरनं तळहात फिरवला.

"झकास हाय. कधी घेतलं?"

"दोन वर्षं झाली," सुनंदा म्हणाली. "तो लाभांश आला होता ना संस्थेचा."

"आपल्या संस्थेचा लाभांश?" नाना म्हणाले. "एवढा? मला तर त्यात कुकरचं झाकन आलं नसतं."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं. ती आत गेली आणि चहा ठेवला. दुसरं काय करणार.

चहा पिऊन नाना खुशीत आले. "गवती चहा कुठला वो? लई झकास वास."

"आमचाच, गॅलरीतला," सुनंदा आतून म्हणाली. मी काही करायच्या आत नाना उठून गॅलरीत गेले.

मी मागोमाग गेलो. नाना कुंडीपाशी वाकले होते. पातं चुरगाळून हुंगलं, आणि मग त्यांची नजर खाली गेली. ताटाचा काठ पांढरट झाला होता, क्षारांचे थर चढलेले. त्यांनी अंगठ्यानं एक जागा घासली. पडायला आलेला 'स' वर आला.

मग तसेच उकिडवे बसून त्यांनी बाकीची अक्षरंही घासून काढली. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

"नाना," मी म्हणालो, "ते पैसे लाभांश नव्हते."

"म्हाईतंय."

"तुमच्या पगारातनं कापलेले..."

"म्हाईतंय म्हनलं ना. पठाडेनं त्याच दिवाळीला सांगितलं."

"मग मागितले का नाहीत?"

"कापत होते तव्हाच काय बोललो नाय," नाना म्हणाले. "मला वाटलं, पोरगं अडचनीत असंल, बदलीचा खर्च, दोन ठिकानी संसार. जामीनदारानं दारात जाऊन उभं राहायचं म्हंजे लोक काय म्हनत्याल? मंग पठाडेनं सांगितलं, तव्हा म्हनलं, आता यील. आई हायत, बोलवील." ते जरा हसले. "तुझी आमटी वाचायला चुकलो बघ मी. पातळ होती. म्हनलं, जपून राहनारा मानूस हाय."

"जपूनच राहिलो, नाना," मी म्हणालो.

यावर मात्र नाना मोठ्यानं हसले. एवढे, की सुनंदा बाहेर आली. तिच्यासमोरच मी मोबाईल काढला आणि पैसे पाठवले. नानांच्या खिशात बारीक टिंग वाजलं. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला, मान हलवली. नको-बिको काही म्हणाले नाहीत. पैसे त्यांचेच होते.

"आता जेवूनच जा, नाना," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता आणि ती माझ्याकडं अजिबात बघत नव्हती. "टेबलावर वाढते."

"नगं बाई. ज्यांच्यासंगं बसायचं होतं त्या गेल्या." मग कुंडीकडं बोट करून म्हणाले, "हे ताट नेऊ का?"

"नाना, ते कशाला, नवीन देतो ना," मी घाईनं म्हणालो. "चांगलं, कोरं देतो."

"कोऱ्याला काय करायचंय? ह्यात जेवलोय मी."

त्यांनी स्वतःच कुंडी उचलून बाजूला ठेवली, ताटातलं पाणी मातीत ओतलं, ताट रुमालानं पुसलं. दोन्ही बाजूंनी, सावकाश. आणि बगलेत धरून जिना उतरले.

मी गॅलरीतून बघत होतो. त्यांची जुनी स्कूटी खाली लावलेली. ताट त्यांनी पायांच्या जागेत उभं केलं, गुडघ्यांनी दाबून धरलं, गाडी सुरू केली. मग वर बघितलं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, जे मला आयुष्यभर पुरेल. चौदा-पंधरा घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

"अरे, कुंडीखाली कायतरी ठिव! पानी खालच्यांच्या कपड्यावर पडंल!"

आणि गेले. त्यानंतर नाना मला दिसले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले, मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. त्यांच्या भावसिंगपुऱ्याच्या घरी मी तेव्हा पहिल्यांदा गेलो. त्यांनी मला कधी बोलावलं नव्हतं असं नाही.

त्या दिवशी, स्कूटी वळेपर्यंत, मी गॅलरीत उभा होतो. कुंडीतून पाणी ठिबकायला लागलं होतं. मी आत गेलो, डिनर सेटमधली एक निळ्या काठाची ताटली आणली आणि कुंडीखाली ठेवली. सुनंदानं ती अजून तिथून उचललेली नाही.